पुलावरून काय टाकलं?



या अंकाचं संपादकीय एका परक्या गाण्यावर आहे. अंक हातात घेतल्यावर तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील, हुंड्याचा, मारहाणीचा, रेशनचा प्रश्न सुटला की काय, म्हणून यांना अमेरिकेतली गाणी सुचायला लागली! प्रश्न सुटलेले नाहीत हे मी तुम्हाला सांगायला नको. पण बाई बोलते तेव्हा कोण ऐकतं आणि तिच्या बोलण्यातलं नेमकं काय ऐकतं, हा आपल्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे. तो या गाण्यात मला जितका स्वच्छ दिसला, तितका एखाद्या अहवालात दिसला नव्हता.

गाण्याचं नाव ‘ओड टु बिली जो’. ते बॉबी जेन्ट्री या बाईने स्वतः लिहिलं आणि स्वतःच गायलं. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी राज्यात, कापसाच्या मुलखात, आजीआजोबांच्या शेतावर तिचं बालपण गेलं. जुलै १९६७मध्ये गाण्याची तबकडी निघाली, ऑगस्टच्या अखेरीस ती तिकडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि चार आठवडे तिथेच राहिली. पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारही मिळाले. गाणं चार मिनिटांहून थोडं मोठं, ध्रुवपद नाही, नुसती पाच कडवी.

गोष्ट अशी. जूनमधला दिवस. शेतातल्या कामावरून घरची माणसं दुपारी जेवायला येतात. आई बातमी सांगते, की ओळखीतल्या बिली जो नावाच्या मुलाने टॅलाहाची नदीच्या पुलावरून उडी टाकली. बाप म्हणतो, त्या पोराला कधी अक्कलच नव्हती; आणि त्याच दमात बिस्किटं इकडे सरकवा म्हणतो. (ही आपली चहाची बिस्किटं नव्हेत, तिकडची मऊ, पावासारखी असतात.) नांगरायचं किती राहिलंय तेही तो लगेच सांगतो. भावाला आठवतं, की त्याने आणि बिली जोने मिळून एकदा सिनेमाच्या खेळाला बहिणीच्या पाठीत बेडूक सोडला होता. त्यालाही थोडं चुकल्यासारखं होतं, पण गोडाचा आणखी एक तुकडा तो मागून घेतोच. गाणं सांगणारी मुलगी या सगळ्यात एक शब्द बोलत नाही. आईच तिला म्हणते, तुझी भूक कुठे गेली, मी सकाळपासून रांधतेय आणि तू घासाला शिवली नाहीस. मग आई पुढे सांगते, की तरुण पाद्री येऊन गेला, रविवारी जेवायला येणार आहे. आणि हो, तो म्हणत होता, बिली जो आणि अगदी तुझ्यासारखी दिसणारी एक मुलगी पुलावर उभी राहून खाली काहीतरी टाकत होती.

शेवटच्या कडव्यात वर्ष उलटलेलं आहे. भावाने लग्न करून दुसऱ्या गावी दुकान घेतलंय. बाप साथीच्या आजारात गेला. आईचं कशातच मन लागत नाही. आणि मुलगी टेकडीवर फुलं वेचते, पुलावर जाते आणि खालच्या गढूळ पाण्यात टाकत राहते. गाणं इथे संपतं.

हे गाणं ऐकून अख्ख्या देशाने एकच प्रश्न विचारला, की पुलावरून टाकलं काय? अंगठी असेल, फुलं असतील, व्हिएतनामच्या युद्धासाठीचं सैन्यभरतीचं कार्ड असेल, नाहीतर नको असलेलं मूल असेल. रसिकांनी तारीख तपासली, टेकडीचं नाव तपासलं, पाद्र्यावर संशय घेतला. बिली हे नाव ज्या स्पेलिंगने लिहिलंय ते तिकडे बहुतेक मुलींचं असतं, त्यावरूनही काहींनी अर्थ काढले. आजही त्या गाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न तोच.

जेन्ट्रीचं म्हणणं मात्र वेगळं होतं आणि ते तिने मुलाखतींतून सांगितलेलं आहे. काय टाकलं याला तिच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. त्या मुलाचं आणि मुलीचं काही नातं होतं एवढं कळावं म्हणून ती वस्तू कडव्यात आली. तिला दाखवायची होती ती जेवणाच्या टेबलावरची बेफिकिरी, माणसं जाणूनबुजून नव्हे तर नकळत करतात ती क्रूरता. आणि आणखी एक गोष्ट ती सांगत असे, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वर्षभराने त्या घरात दोन बायका उरतात, आई आणि मुलगी. दोघींचंही माणूस गेलेलं आहे, दोघीही आतून सारख्याच पोळलेल्या आहेत, आणि तरी एकीला दुसरीचं दुःख ओळखू येत नाही.

म्हणजे लिहिणारीने मुद्दा कुठे आहे ते सांगितलं, आणि ऐकणारे पुन्हा पुलाकडेच धावले. १९७६ साली तर यावर सिनेमा निघाला. पटकथाकार हर्मन राउचरने जेन्ट्रीला विचारलं, की त्या मुलाने उडी का टाकली? ती म्हणाली, मला ठाऊक नाही. मग राउचरने स्वतःच कारण तयार केलं. दारूच्या नशेत एका पुरुषाशी आलेला शरीरसंबंध आणि त्याची असह्य लाज हे ते कारण, आणि पुलावरून पडलेली वस्तू म्हणजे मुलीची चिंध्यांची बाहुली. समलिंगी मुलांना समाज मरणापर्यंत कसा ढकलत नेतो, हा विषय लहान नाही, आणि १९७६ साली तो पडद्यावर आणायला धीर लागला असेल हेही मी मान्य करते. पण सिनेमाला कोड्याचं उत्तर सापडलं, आणि टेबलावरची ती दुपार मागे पडली.

ऐकणारा कोण आहे यावर अर्थ किती बदलतो, तेही इथेच पाहण्यासारखं आहे. मिसिसिपीत मनी नावाची एक छोटी वस्ती आहे. तिथला टॅलाहाचीवरचा पूल हाच गाण्यातला पूल असं मानलं जातं. तो १९७२ साली कोसळला. याच नदीत ऑगस्ट १९५५मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचं प्रेत सापडलं होतं. मनीच्या दुकानात तो एका गोऱ्या बाईशी वावगं वागला, एवढ्या आरोपावरून दोन गोऱ्यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेऊन मारलं. ज्यूरीतले सगळे गोरे पुरुष. त्यांनी दोघांना निर्दोष सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खुनाची हकिगत सांगितली. टिलच्या आईने, मेमी टिलने, शिकागोत मुलाची शवपेटी उघडी ठेवायला लावली, की बघा, माझ्या मुलाचं काय केलंय ते. गाण्यात यातला एक शब्दही नाही, आणि जेन्ट्रीच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण त्या नदीचं नाव ऐकल्यावर काळ्या आईच्या मनात जे येतं, ते गोऱ्या रसिकाच्या मनात येणार नाही. अंगठी की फुलं हा खेळ खेळायला ज्यांना सवड होती, त्यांना नदीत आधी काय सापडलं होतं ते आठवायची गरज पडली नाही. आपल्याकडेही गावातली एखादी विहीर एका आळीला फक्त विहीर असते.

याच जातीचा दुसरा किस्सा जरा हलका आहे. १९७२ साली कार्ली सायमन या गायिकेने एका आत्ममग्न प्रियकराला चिमटे काढणारं गाणं लिहिलं, ‘यू आर सो व्हेन’. तो पुरुष कोण, यावर लोकांनी चाळीस वर्षं डोकं खाजवलं. २००३ साली मदतनिधीसाठी झालेल्या लिलावात टीव्हीवरच्या एका बड्या अधिकाऱ्याने पन्नास हजार डॉलर मोजले आणि खाजगीत ते नाव ऐकलं. २०१५ साली सायमनने जाहीर केलं, की एक कडवं वॉरन बेटी या नटावर आहे, बाकीचं दुसऱ्यांवर. बेटीला मात्र सगळं गाणंच आपल्यावर आहे असं वाटतं! बाईने गाणं लिहिलं पुरुषाच्या अहंकारावर, आणि जगाने चौकशी केली ती पुरुषाचीच. हसू येतं खरं.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही ‘बिली जो’ची गोष्ट मराठीत सांगितली होती. वीस-बावीस जणी होत्या, बहुतेक बचत गटातल्या, काही आशाताई, दोन अंगणवाडीच्या सेविका. गाणं आधी नुसतं ऐकवलं, मग कडव्याकडव्याने अर्थ सांगितला. पहिली प्रतिक्रिया अमेरिकेतल्यासारखीच आली. एक म्हणाली, “पोटचं असंल.” दुसरीने मान डोलावली. त्यावर थोडी कुजबुज झाली. मग मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “मंग ती पोर जेवली का न्हाई शेवटी?” सगळ्या गप्प झाल्या. गाण्यात याचं उत्तर नाही. मावशी म्हणाल्या, “आईनं इचारलं भूक कुटं गेली, पर उत्तराला थांबली न्हाई.” पन्नास वर्षांत ज्या प्रश्नापाशी रसिक रेंगाळले नाहीत, तिथे त्या पाच मिनिटांत पोचल्या होत्या. शिक्षण चौथी. मी हे त्यांचं कौतुक म्हणून लिहीत नाही. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांना वाढलंय, तिचं लक्ष न शिवलेल्या ताटाकडे जाणारच.

आता आपल्याकडे बघा. तरुण मुलगी गेली, की गावात, नात्यात, पोलीस चौकीत पहिला प्रश्न कोणता असतो? कोणाबरोबर होती? फोन कुणाकुणाला केले? मोबाईल उघडला जातो, आणि हल्ली त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. तिने आदल्या दिवशी स्टेटसला कुठलं गाणं ठेवलं होतं ते काढलं जातं. मग त्या दोन ओळींवर सगळे तुटून पडतात. ‘बेवफा’ म्हणजे कोण? ‘तू’ म्हणजे कोण? चुलतभाऊ एक अर्थ लावतो, सासरा दुसरा लावतो, वकील तिसरा. मी असे अर्थ लावणारे खूप पाहिलेत. जे गाणं चोवीस तास दोनशे माणसांच्या फोनवर दिसत होतं, त्याबद्दल ती जिवंत असताना ‘काय गं, बरी आहेस ना?’ एवढं विचारणारं माणूस त्यांच्यात क्वचितच निघतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. पंचवीस हजारांवर बायका ‘गृहिणी’ या रकान्यात आहेत. कारणांच्या रकान्यात ‘कौटुंबिक समस्या’, ‘आजारपण’, ‘प्रेमप्रकरण’ असे शब्द आहेत. हे रकाने भरणारा माणूस घटनेनंतर येतो आणि घरच्यांना विचारून लिहितो. त्या दुपारी टेबलावर बसलेल्यांनाच विचारून.

बाईने आडून बोलणं ही काही नवी गोष्ट नाही. पहाटे जात्यावर बसलेली सून ओवी म्हणायची तेव्हा सासू आत अंथरुणात जागीच असायची. मग स्वतःचं सांगायचं कसं? सीतेचं सांगायचं. सीतेचा वनवास, सीतेचा सासुरवास, रामाचं तोंड फिरवणं. ऐकणारीला वाटायचं, सून देवाचं नाव घेतेय. काहीजणी जात्यालाच देव मानून त्याच्याशी बोलायच्या, कारण दुसरं कोणी ऐकणारं नसायचं. पुण्याजवळ मुळशीच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी या ओव्या गोळा केल्या. मूळचे फ्रेंच असलेले पॉइटवाँ इथलेच होऊन गेले होते. हजारावर गावं, तीन हजारांवर गाणाऱ्या बायका आणि एक लाखाहून जास्त ओव्या, असं ते प्रचंड काम आहे. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७पासून ‘पारी’ हा गट या ओव्या अनुवादासह लोकांपुढे ठेवतो आहे.

मला या कामातली संख्या नव्हे, पद्धत मोलाची वाटते. त्यांनी ओवी लिहून घेऊन पुण्यात बसून अर्थ लावला नाही. त्याच भागातल्या कार्यकर्त्या बायकांनी ओव्या जमवल्या, बायकांच्या बैठकीत त्या पुन्हा म्हटल्या आणि म्हणणाऱ्यांनाच विचारलं, की बाई, हे असं का म्हटलंस? तुझ्या बाबतीत हे काय? मग कधी कळायचं की सीता म्हणजे आपणच, आणि कधी कळायचं की नाही, इथे सीता म्हणजे खरोखर सीताच, मला ती गोष्ट आवडते म्हणून म्हणते!

हे दुसरं उत्तर ऐकून घेणं आपल्याला, चळवळीतल्या बायकांना, जड जातं. स्पष्टच लिहिते. आपणही रसिकच आहोत, आणि आपलाही एक ठरलेला पूल आहे. ओव्यांच्या वहीतून आपण बंडाच्या ओव्या तेवढ्या निवडतो, पोस्टरवर छापतो, मोर्च्यात म्हणतो. भावाच्या चोळीबांगडीचं कौतुक, लेकाच्या रुबाबाचा अभिमान, नवऱ्याच्या पागोट्याची तारीफ बाजूला राहते. तीच बाई, तेच जातं, तीच पहाट. त्या ओव्या गाळल्या की उरते ती आपल्या मनातली बाई.

मुक्ताबाईचं कूटही यापेक्षा वेगळं नाही. सूर्य गिळणाऱ्या मुंगीच्या त्या अभंगावर पिढ्यान्‌पिढ्या निरूपणं चालली आहेत. मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे ज्ञान, वांझ म्हणजे माया. असतीलही. संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेल्या घरातली ती मुलगी, तिने असं चक्रावून टाकणारं का लिहिलं असेल, आणि अभंगाच्या शेवटी ती हसते ती कुणाला, हे निरूपणात मला फारसं ऐकायला मिळालेलं नाही. आणि ‘वांझ’ हा शब्द मायेचं रूपक म्हणून सहज उच्चारला जातो, तेव्हा फडात मागे बसलेल्या एखादीला तो कसा लागत असेल, तेही नाही.

आपल्या सल्ला केंद्राकडे येते ती बाई कायद्याच्या कलमात बोलत नाही. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला ऐकण्याचे टप्पे शिकवले होते. समोरची बाई टप्प्यांनी बोलत नाही. ती म्हणते, पोटात गोळा येतो. म्हणते, घरात करमत नाही. म्हणते, शेजारणीचा नवरा फार मारतो हो तिला. आपल्या अर्जाच्या नमुन्यात ‘तक्रारीचं स्वरूप’ हा रकाना पहिल्याच पानावर आहे, आणि घाई असते, बाहेर चार जणी बसलेल्या असतात. मग आपण शेजारणीवरून तिच्यावर उडी मारतो: तुम्हालाही मारतात का? कधीपासून? दारू पितात? अर्थ आपण बरोबर लावलेला असतो पुष्कळदा. पण तो आपण लावलेला असतो. ती उठून जाते आणि परत येत नाही. कारण तिने शेजारीण मध्ये ठेवली होती ती मुद्दाम, अंतर राहावं म्हणून. आपण ते अंतर एका प्रश्नात काढून घेतलं. शेजारणीबद्दलच बोलू द्यावं. शेजारीण रात्री कुठे झोपते, तिचं माहेर कसं आहे, तिच्या हातात पैसे असतात का, ती जेवते का, हे विचारावं. तीन-चार खेपा लागतील. आमच्या एका ज्येष्ठ सहकारी ताई तर पहिल्या भेटीत अर्जाचा कागद काढतच नाहीत; चहा मागवतात आणि आज काय खाल्लं ते विचारतात.

जीव द्यावासा वाटतो असं कुणी सुचवलं, आडून का होईना, तर मात्र कोड्याची भाषा बाजूला ठेवून सरळ विचारावं. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही. केंद्रांच्या भिंतीवर १८१ आणि ११२ हे क्रमांक लावलेले असतातच, त्याखाली सरकारच्या ‘टेली मानस’चा १४४१६ हाही लावून ठेवा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पुढचा अंक ओव्यांचा काढायचं ठरलं आहे. तुमच्या भागात अजून ओव्या आठवणाऱ्या आज्या, मावश्या आहेत. हळदीच्या वेळी का होईना, जातं मांडलं जातं. प्रत्येक गटाने पाच ओव्या पाठवाव्यात. ओवीखाली तुमचा अर्थ लिहू नका. म्हणणाऱ्या बाईला विचारा आणि ती बोलली ते तिच्याच बोलीत, शुद्धलेखन न सुधारता लिहा. सांगायला ती नको म्हणाली तर तेवढंच लिहा. तिची परवानगी असेल तरच नाव-गाव द्या. मजकूर महिनाअखेरीपर्यंत हाती आला पाहिजे.